वाहनदुरुस्तीतील फसवणूक आणि जागृत ग्राहक

(बार्शी येथील ग्राहकविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



भगवंताची बार्शी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापाराचे गाव आहे. ज्वारी, तूर, हरभरा यांची पोती येथे उतरली, त्यांचे लिलाव झाले, आणि ते व्यवहार पुष्कळदा केवळ शब्दावर झाले. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी आगगाडी धावू लागली, त्यामागेही याच बाजारपेठेचे महत्त्व होते. ती अरुंद गाडी आता इतिहासजमा झाली आणि त्याच मार्गावर रुंद रूळ आले. रस्त्यांवर मोटारी वाढल्या. एकेकाळी मोजक्या घरांपुढे दिसणारी चारचाकी आज शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार, बागाईतदार अशा कोणाच्याही दारात उभी असते. बहुधा ती कर्ज काढून घेतलेली असते आणि तिच्यावर घरातील म्हाताऱ्या माणसांचे दवाखाने, मुलांच्या परीक्षा, लग्नकार्ये आणि देवदर्शने अवलंबून असतात.

अशा गाडीची दुरुस्ती हा व्यवहार मात्र इतर खरेदीहून वेगळा आहे. कापड घेताना पोत हाताला लागतो. ज्वारी घेताना दाणा दिसतो. सोन्यावर हॉलमार्कचा शिक्का असतो आणि वाण्याच्या वजनांवर वैधमापन खात्याची मोहोर असते. गाडीच्या दुरुस्तीत ग्राहकाला यांतले काहीच उपलब्ध नसते. बॉनेटखाली काय झाले, कोणता भाग निघाला, कोणता बसला, जुनाच पुसून पुन्हा बसवला की काय, हे त्याला दिसत नाही आणि दिसले तरी पुष्कळदा कळत नाही. त्याच्या हाती येते ती गाडीची किल्ली आणि एक आकडा. म्हणूनच या व्यवहारात विश्वास हेच एकमेव माप उरते, आणि हे माप खोटे निघाले तर होणारी हानी केवळ पैशाची नसते. ब्रेकच्या कामात लबाडी झाली, तर तिची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.

फसवणुकीची रूपे

फसवणूक म्हटली की लोक एकच प्रकार डोळ्यांपुढे आणतात. प्रत्यक्षात तिची चार-पाच रूपे आहेत आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिले रूप म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे घेणे. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग बदलल्याचे बिलात लिहिलेले असते. प्रत्यक्षात फिल्टरवर हवेचा झोत मारून तोच पुन्हा बसवलेला असतो. दुसरे रूप म्हणजे नकली भाग. वेष्टन नामवंत कंपनीचे, आत माल भलताच. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बेअरिंग, ऑइल यांच्याबाबत हे विशेष घडते. तिसरे रूप, नको असलेले काम गळ्यात मारणे. सैल झालेल्या एका तारेसाठी अख्खा अल्टरनेटर बदलला जातो. चौथे रूप सर्वांत दुष्ट आहे: गाडीतला चांगला भाग काढून घेऊन तेथे जुना बसवणे. बॅटरी, टायर, स्टेपनी यांच्या बाबतीत अशा तक्रारी ऐकू येतात.

पाचवा प्रकार फसवणुकीचा नव्हे, निष्काळजीपणाचा आहे. ऑइल बदलल्यावर चेंबरचा नट नीट आवळला नाही, चाकाचे नट अर्धवट राहिले, एखादा पाइप क्लिपविना तसाच सोडला. हेतू वाईट नसतो, पण परिणाम तितकाच घातक असतो.

हा भेद ध्यानात ठेवणे न्यायाचेही आहे आणि सोयीचेही. प्रत्येक बिघाड म्हणजे मिस्त्रीची लबाडी नव्हे. जुन्या गाडीत एक दोष दूर झाल्यावर दुसरा स्वतंत्रपणे उद्भवू शकतो. जो ग्राहक आरडाओरडा करीत गॅरेजमध्ये शिरतो आणि पुरावा मागितल्यावर गप्प होतो, तो स्वतःची बाजू दुबळी करतो आणि पुढच्या खऱ्या तक्रारदाराचीही.

एक नेहमीचा प्रसंग

उदाहरण म्हणून एक प्रसंग घ्यावा. समजा, बार्शीतील एका कुटुंबाने उन्हाळ्यापूर्वी गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. बिलात ‘कूलंट बदलले’ असे लिहून त्याचे पैसे लावले. चार दिवसांनी कुटुंब येडेश्वरीच्या दर्शनासाठी येरमाळ्याकडे निघाले. बालाघाटाचा चढ लागताच टेम्परेचरचा काटा वर सरकू लागला आणि थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ आली. गाडीत वृद्ध आजी, लहान मुले आणि बाहेर चाळीस अंशांवरचे ऊन.

येथे घडले काय? कूलंटमध्ये ग्लायकॉल असते. त्यामुळे पाण्यापेक्षा त्याचा उत्कलनबिंदू वर राहतो, आणि त्यातील रसायने आतील धातूला गंज चढू देत नाहीत. त्याऐवजी बोअरचे पाणी भरले, तर त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. घरातल्या पाणी तापवण्याच्या बंबात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो येथेही बसतो. सपाट रस्त्यावर हे लवकर लक्षात येत नाही. चढावर मात्र इंजिनावरचा भार वाढतो, वेग मंदावल्याने समोरून येणारी हवा कमी होते आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. इंजिन अतिशय तापले, तर हेड वाकते, हेड गॅसकेट जाते, आणि काहीशे रुपयांच्या बचतीपायी दुरुस्तीचा आकडा पाच अंकी होतो.

अशा वेळी पहिले कर्तव्य वादाचे नाही, माणसांच्या सुरक्षिततेचे आहे. वातानुकूलन बंद करून गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, माणसांना गाडीपासून दूर सावलीत बसवावे. रेडिएटरचे झाकण तापलेले असताना कदापि उघडू नये. आतील दाबाने उकळते पाणी अंगावर उडते. ‘गावापर्यंत तेवढी जाईल’ या आशेवर गाडी पुढे नेऊ नये. हीच गोष्ट ऑइलच्या लाल दिव्याची. तो चालत्या गाडीत लागला, तर त्याच क्षणी इंजिन बंद झाले पाहिजे. ब्रेकचे पॅडल खाली जात असेल, स्टेअरिंग ओढत असेल किंवा चाकाकडून ठोके ऐकू येत असतील, तर गाडी टोचन करूनच न्यावी. तिचे भाडे नुकसानभरपाईत मागता येते. गेलेला जीव मागता येत नाही.

पुरावा जपावा कसा?

बहुतेक ग्राहकांची बाजू येथेच निसटते. गाडी बंद पडली की संतापाच्या भरात ती दुसऱ्या गॅरेजला नेली जाते. दुसरा मिस्त्री ती खोलतो, भाग बदलतो, जुने भाग भंगारात जातात, गाडी सुरू होते. मग तक्रार करण्याचा विचार येतो. तोपर्यंत पहिल्या गॅरेजवाल्याला सोयीचे उत्तर मिळालेले असते: बिघाड दुसऱ्याने केला.

म्हणून क्रम पाळावा. गाडी जेथे बंद पडली तेथेच तिची छायाचित्रे घ्यावीत. किलोमीटरचा आकडा, डॅशबोर्डवर लागलेले दिवे, गळणारे ऑइल, तारीख आणि वेळ, सर्व टिपून ठेवावे. त्यानंतर पहिल्या गॅरेजला लेखी कळवावे. साधा मोबाइलवरचा संदेश पुरतो, मात्र त्यात दोष स्पष्ट लिहावा आणि गाडी पाहून जाण्यासाठी मुदत द्यावी. पहिल्या कारागिराला चूक सुधारण्याची संधी देणे हे सभ्यतेचे आहेच, पुढे न्यायासनासमोर ग्राहकाचा समंजसपणाही त्यातूनच सिद्ध होतो. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात, आणि ती येथेच मिटावीत.

तेथे दाद लागली नाही, तर गाडी खोलण्यापूर्वी त्रयस्थाची तपासणी करून घ्यावी. कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र, परवानाधारक सर्व्हेअर किंवा तंत्रनिकेतनातील ऑटोमोबाइल विषयाचा जाणकार अध्यापक यांच्याकडून लेखी अभिप्राय मिळवावा. ‘काम वाईट केले आहे’ एवढे मोघम वाक्य उपयोगी पडत नाही. कोणता भाग बदलल्याचे बिलात आहे, प्रत्यक्षात कोणता सापडला, त्याची अवस्था काय, आणि बिघाडाशी त्याचा संबंध कसा, हे त्या अभिप्रायात असावे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपावा. वरील उदाहरणात रेडिएटरमधून काढलेले पाणी स्वच्छ बाटलीत भरून ठेवले, तर ती बाटली शंभर शब्दांहून अधिक बोलते. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे विसरून चालत नाही.

गाडी अजून गॅरेजच्या ताब्यात असेल आणि बिल अवाजवी वाटत असेल, तर आणखी एक गोष्ट माहीत असावी. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० अन्वये, वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा अधिकार आहे. म्हणून गाडी बळाने ओढून आणण्याचा प्रयत्न करू नये. बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम देत आहे’ असे लिहून पैसे द्यावेत, तेही शक्यतो बँकेमार्फत, आणि गाडी सोडवून मग दाद मागावी. त्याच कायद्याचे कलम १५१ गॅरेजवाल्यावरही बंधन घालते. ताब्यात आलेल्या वस्तूची काळजी त्याने शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तशी घेतली पाहिजे. ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ अशी पाटी भिंतीवर लावली म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप झटकली जाते, असे मानण्याचे कारण नाही.

कायदा ग्राहकाच्या दारी

ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून हा दिवस देशात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि त्याच्या बहुतेक तरतुदी जुलै २०२० मध्ये अमलात आल्या. वाहनदुरुस्ती ही या कायद्याच्या अर्थाने ‘सेवा’ आहे आणि तीत निष्काळजीपणा करणे, तसेच ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे, ही ‘त्रुटी’ आहे. सेवा दिल्यावर बिल किंवा पावती न देणे ही स्वतंत्रपणे ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते.

नव्या कायद्यातील एक बदल लहान गावांतील ग्राहकांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तो दाद मागू शकतो. गाडी पुण्यात दुरुस्त झाली असली, तरी बार्शीकराला पुण्याच्या खेपा घालण्याचे कारण नाही. सोलापूरचा जिल्हा आयोग त्याची तक्रार ऐकू शकतो. बार्शी ते सोलापूर हे वैरागमार्गे सुमारे सत्तर किलोमीटरचे अंतरही आता दर वेळी कापावे लागेलच असे नाही. तक्रार संगणकाद्वारे दाखल करण्याची सोय २०२० मध्ये ‘ई-दाखिल’ या नावाने सुरू झाली. पुढे २०२५ पासून तिची जागा ‘ई-जागृती’ या व्यवस्थेने घेतली. दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची तरतूदही कायद्यात आहे.

सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला कोणतेही शुल्क नाही. घरगुती गाडीच्या दुरुस्तीची जवळजवळ सर्व प्रकरणे याच मर्यादेत बसतात. वकील नेमण्याची सक्ती नाही. मुदत मात्र कडक आहे: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. वस्तूच्या तपासणीची गरज नसलेल्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. व्यवहारात याहून अधिक काळ जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि गॅरेजला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस द्यावी. नोटिशीत रक्कम, दोष, मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत, एवढ्या चार गोष्टी पुरेशा आहेत.

गाडी भाड्याने चालवून पोट भरणाऱ्यांना हा कायदा लागू नाही, असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात स्पष्ट केले की, स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी स्वतः चालवण्याकरिता रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस हा ग्राहकच आहे. बार्शीतील रिक्षावाल्याने, वडाप चालवणाऱ्याने आणि एकाच टेम्पोवर संसार चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. त्याची गाडी चार दिवस बंद राहिली, तर चार दिवस चूल मंदावते.

कारागीर आणि ग्राहक : जुना विचार

हा सर्व विचार पाश्चात्त्य देशांतून उसना आला, अशी समजूत सुशिक्षितांत आढळते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी ग्राहकांच्या हक्कांची मांडणी केली, म्हणून तो दिवस जगभर पाळला जातो, हे खरे आहे. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण उघडावे. त्याचे नाव ‘कंटकशोधन’, समाजाला टोचणारे काटे दूर करणे. आणि त्याच्या आरंभीच कारागिरांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे, हा विषय येतो. ठरलेली वेळ टाळणाऱ्या कारागिराच्या मजुरीचा चौथा हिस्सा कापून वर दंड. सांगितल्यापेक्षा भलतेच काम केले, तर मजुरी बुडाली आणि तिच्या दुप्पट दंड. धुण्यासाठी आलेले वस्त्र बदलणाऱ्या परिटाने वस्त्र तर परत द्यावेच, शिवाय किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी. गाडीतली चांगली बॅटरी काढून जुनी बसवणाऱ्याला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो.

त्याच प्रकरणातील दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कारागिराच्या हाताबाहेरची आपत्ती ओढवली असेल, तर कौटिल्य त्याला दंडातून वगळतो. म्हणजे शिक्षा दोषाला आहे, कारागिरीला नाही. खंडेनवमीला पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडून त्यांची पूजा करणारा मेकॅनिक हा समाजाचा शत्रू नव्हे. भर पावसात गाडीखाली झोपून ती चालू करून देणारा आणि ‘राहू द्या दादा, पुढच्या वेळी बघू’ म्हणणारा मिस्त्री प्रत्येक गावात आहे. त्याच्यासारख्यांची प्रतिष्ठा टिकावी म्हणूनही लबाड गॅरेजवाल्याला जाब विचारणे आवश्यक आहे. खोटे नाणे चालत राहिले, तर खऱ्या नाण्यालाही कोणी हातात घेत नाही.

छोट्या गॅरेजवाल्याच्या अडचणींचाही विचार झाला पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकाच्याच नव्या गाड्यांची नोंदणी होऊ लागली. अशा गाड्यांचे दोष शोधायला स्कॅनर लागतो, कंपनीची माहिती लागते. ती माहिती आणि अस्सल सुटे भाग स्वतंत्र गॅरेजना सहजी मिळू दिले जात नाहीत, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे आली होती. आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दोषी धरून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याविरुद्ध वरच्या न्यायासनांकडे धाव घेतली. निकालाच्या पुढील वाटचालीपेक्षा त्यातून उघड झालेला प्रश्न मोठा आहे: गल्लीतला मिस्त्री नकली भाग का वापरतो, याचे एक कारण अस्सल भाग त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हेही आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयासाठी संकेतस्थळ सुरू केले. मोटारी आणि शेतीची अवजारे यांचा त्यात समावेश आहे. ग्राहक आणि छोटा कारागीर यांचे हित या ठिकाणी एकच आहे.

ग्राहकाचे स्वतःचे कर्तव्य

हक्कांची यादी पाठ करणारा ग्राहक कर्तव्यांच्या बाबतीत पुष्कळदा कच्चा असतो. ‘पक्के बिल घेतले तर कर लागेल, कच्च्या चिठ्ठीवर किती कमी कराल?’ हा प्रश्न गॅरेजवाल्याला बहुधा ग्राहकच विचारतो. चार पैसे वाचले म्हणून तो खूश होतो. प्रत्यक्षात आपला एकमेव पुरावा त्याने विकून टाकलेला असतो. वीस लाखांच्या आतील वार्षिक उलाढालीच्या सेवा व्यावसायिकाला जीएसटीची नोंदणी सामान्यतः सक्तीची नाही. त्यामुळे छोटा मिस्त्री कर लावत नसेल, तर त्यात गैर काही नाही. पण तारीख, गाडीचा क्रमांक, केलेले काम आणि रक्कम लिहून सही केलेला कागद तो निश्चित देऊ शकतो.

गाडी दुरुस्तीला देतानाच काही पथ्ये पाळली, तर पुढचे निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. जॉब कार्ड किंवा साध्या वहीच्या पानावर तक्रार, किलोमीटरचा आकडा, इंधनाची पातळी, बॅटरी आणि टायरचे क्रमांक लिहून दोघांनी सही करावी. अंदाजित खर्च लेखी घ्यावा. त्याबाहेरचे काम निघाले, तर फोन करून विचारल्याशिवाय हात लावू नये, असे आधीच सांगावे. बदललेले सर्व जुने भाग परत मागावेत आणि नव्या भागांची रिकामी खोकी पाहावीत. गाडी ताब्यात घेताना मिस्त्रीला शेजारी बसवून चक्कर मारावी आणि ब्रेकची खात्री करूनच रस्त्याला लागावे. घरातील गाडीची एक वही असावी. केव्हा ऑइल बदलले, केव्हा कूलंट, केव्हा ब्रेक, याची नोंद तीत राहावी. रेल्वेचे इंजिन नोंदवहीशिवाय रुळावर येत नाही. लेकरेबाळे घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला तरी हा नियम का नसावा?

या सर्व गोष्टी कराव्यात त्या अविश्वासाने नव्हे. ‘ओळखीचा माणूस आहे, त्याला कागद कसा मागायचा?’ हा संकोच लहान गावांत फार असतो. पण आडत्याकडे पट्टी घेताना शेतकऱ्याला संकोच वाटत नाही आणि पट्टी देताना आडत्यालाही अपमान वाटत नाही. लिहिलेला व्यवहार ओळख तोडत नाही. गैरसमजाला जागा न ठेवल्याने ती उलट टिकते.

एकट्याची तक्रार, समाजाची शक्ती

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, त्या वेळी देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. शोषण होते ते ग्राहक विखुरलेला असतो म्हणून, हे या चळवळीने ओळखले. शेतकरी, कामगार, उत्पादक, व्यापारी यांच्याप्रमाणेच ग्राहक हाही अर्थव्यवस्थेचा घटक आहे आणि या सर्वांचे हित परस्परांच्या विरोधात नाही, अशी तिची भूमिका राहिली. कायदा बारा वर्षांनी आला. आधी जागृती आणि मग कायदा, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आज कायदा आहे, आयोग आहे, दूरध्वनी क्रमांक आहे. उणीव आहे ती हाताला धरून नेणाऱ्या माणसाची. फसवला गेलेला निवृत्त कर्मचारी किंवा शेतकरी ‘जाऊ द्या, नशीब’ म्हणून गप्प बसतो, कारण अर्ज कसा लिहावा हे त्याला ठाऊक नसते. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात महिन्यातून एक सायंकाळ ठरवून दोन-चार कार्यकर्त्यांनी बसावे, आलेल्याचे कागद पाहावेत, नोटीस लिहून द्यावी, संगणकावर तक्रार भरून द्यावी. गॅरेजचालकांना आणि ग्राहकांना एकत्र बोलावून जॉब कार्डचा एक साधा मराठी नमुना सर्वांच्या संमतीने ठरवावा. जे गॅरेज तो वापरते, जुने भाग न मागता परत देते, त्याचे नाव दहा जणांना आवर्जून सांगावे. तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांकडून घरच्या गाडीची प्राथमिक तपासणी शिकवणारे वर्ग घ्यावेत, आणि त्यांत भगिनींना अग्रक्रम द्यावा. मुलांना शाळेत सोडणारी गाडी पुष्कळ घरांत आता त्याच चालवतात.

यांतले काहीही मोठ्या निधीवाचून होण्याजोगे आहे. लागतो तो वेळ आणि चिकाटी. एका ग्राहकाने बारा हजारांच्या बिलासाठी दिलेली झुंज त्याच्यापुरती लहान दिसते. पण त्या झुंजीनंतर त्या गॅरेजमध्ये येणाऱ्या पुढच्या गाडीचे ब्रेक नीट बसवले जातात, आणि ती गाडी कोणाची असेल हे कोणालाच ठाऊक नसते. ज्या अनोळखी कुटुंबाचा घाटातला प्रवास त्यामुळे सुखरूप होतो, त्याला या तक्रारदाराचे नावही कळत नाही. समाजासाठी केलेले काम पुष्कळदा असेच असते. बार्शीच्या बाजारपेठेने शब्दाला किंमत कशी असते ते पिढ्यान्‌पिढ्या दाखवले आहे. गॅरेजच्या दारातही शब्दाला तीच किंमत यावी, यासाठी प्रत्येक ग्राहकाने पुढच्या दुरुस्तीच्या वेळी एवढेच करावे: लेखी नोंद मागावी, जुने भाग परत घ्यावेत आणि पावतीशिवाय किल्ली हाती घेऊ नये.